नव्या दाताचा पापुद्रा

"दात दाखय बघया."

मास्तरांची ओळख अशी व्हायची. समोरचं माणूस सहा वर्षांचं असो की साठ वर्षांचं, नमस्कार-चमत्कार नंतर. आधी स्वतःच्या वरच्या ओठाला तर्जनी लावायची, ओठ किंचित उचलायचा आणि समोरच्याला दात दाखवायला सांगायचं. मूल असेल तर बिचारं लगेच 'ई' करायचं. मोठं माणूस ओशाळून हसायचं, आणि हसलं की मास्तरांचं काम झालंच. मग मान हलवून म्हणायचे, "खालचे घासणस नाय तू."

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. कुणाला दुसऱ्याच्या चपला सरळ करून ठेवायची खोड असते, कुणाला शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी चाखून नावं ठेवायची. आमच्या मास्तरांना दातांची होती. पोरं त्यांना पाठीमागे दातमास्तर म्हणत, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

मी मूळची वेंगुर्ल्याची. पन्नास सालानंतर नोकरीसाठी आईला घेऊन जामसंड्याला आले. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. शाळेत मास्तर पहिली-दुसरी सांभाळायचे, मी तिसरी. राहायला जागा मिळाली तीही त्यांच्या शेजारी. मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आणि विहीर दोन्ही घरांत मिळून एक. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला न बघता दिसायचं आणि न ऐकता ऐकू यायचं. माझं तोंड जरा फटकळ, तेव्हा मीही गडग्यावरून ऐकवायला कमी करत नसे.

मास्तरांची राखुंडी हे एक प्रकरणच होतं. भाताचं तूस जाळायचं, ती काळी राख वस्त्रगाळ करायची, त्यात मीठ घालायचं आणि समुद्रफेस कुटून मिसळायचा. समुद्रफेस म्हणजे माकुल नावाच्या मासळीच्या पाठीतलं पांढरं हाड. पाऊस सरला की देवगडच्या वाळूवर वाहून आलेलं सापडतं. रविवारी सकाळी मास्तर धोतर खोचून, काळी टोपी घालून, हातात पिशवी घेऊन वाळूतून ती हाडं वेचत फिरायचे. मासे विकणाऱ्या बायका हसायच्या. म्हणायच्या, सगळं जग मासळी नेतं आणि हाड टाकतं, ह्यांचं उलटंच.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली की मास्तरांचा दातांचा तास. पोरांनी येताना आंब्याचं पान आणायचं, मधली शीर काढायची, पानाची गुंडाळी करायची. मास्तर पत्र्याच्या डब्यातून एकेक चिमूट राखुंडी वाटत पुढे जायचे आणि शाळेच्या मागच्या पडवीत सगळी पहिली-दुसरी काळी तोंडं करून उभी राहायची. चुळा भरून झाल्या की तपासणी. ज्याचे दात चांगले त्याच्या पाठीवर थाप. ज्याचे वाईट त्याच्याही पाठीवर थाप, जरा जोरात.

एकदा शाळेच्या तपासणीला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब आले. रुबाब मोठा, तोंडात पानाचा तोबरा. कविता म्हणून झाल्या, पाढे म्हणून झाले. दिपोटींनी पहिलीच्या पोरांना विचारलं, स्वच्छता म्हणजे काय? सगळ्या वर्गानं एका दमात 'ई' केलं. साहेब दचकले. मास्तरांना वाटलं, साहेबांना आवडलं. अदबीनं पुढे होऊन ते म्हणाले, "साहेब, आपणही दाखवावेत. मुलांना धीर येईल." आमच्या हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. साहेबांनी खिडकीतून पिंक टाकली आणि, खरं सांगते, दाखवले. मास्तरांनी ते मन लावून पाहिले आणि निघताना साहेबांच्या हातात राखुंडीची पुडी ठेवली. त्या वर्षी शेरा काय आला ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

बारशाला गेले तरी तीच पुडी. बाळाची आई म्हणायची, अहो मास्तर, ह्याला अजून दात कुठे आहेत. मास्तर शांतपणे म्हणायचे, येतील. कुणी चेष्टा केली की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "दात म्हणजे आंगण. पावणो पयला आंगण बघता, मगे घरात येता."

हे पाहुणे कुठले, ते मला पुढे कळलं.

मास्तरांची धाकटी बहीण त्यांच्याच घरी असायची. सगळं गाव तिला माई म्हणायचं. माईंच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी चट्टे होते. कशानं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बाकी बाई देखणी, कामाला वाघ, आवाज गोड. पण बोलताना पदर तोंडावर आणि हसायचं ते ओठ मिटून. त्यांना बघायला येणारे सगळे गोड बोलून परत गेले होते. शेवटचं स्थळ कुडाळकडचं. ते मास्तरांनी स्वतः हिंडून आणलं होतं. मुलाच्या मावशीनं माईंना पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं. माईंनी दोन ओळी वाचल्या. मावशीनं बरोबर आलेल्या बाईकडे बघितलं आणि म्हणाली, पुरे गो बाय. त्यानंतर माईंनीच सांगून टाकलं, आता कुणाला आणू नका. हे मास्तरांनीच मला एकदा सांगितलं.

मास्तरांची बायको मुलगी लहान असतानाच गेली होती. त्या मुलीला, सुमीला, माईंनीच वाढवलं. आणि मास्तरांच्या जीवाला एकच घोर होता. सुमीचं माईसारखं व्हायला नको. दुसरं काही त्यांनी देवाकडे मागितलं असेल असं मला वाटत नाही.

सुमीचे दुधाचे दात खोबऱ्यासारखे पांढरे. ते पडायला लागले तसे माईंनी शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकले, आणि मास्तर नव्या दातांची वाट बघत बसले. दात आले. मोठे, धारेला करवतीसारखे दातेरी, सगळ्याच पोरांचे येतात तसे. मग एका सकाळी मास्तरांनी गडग्यापलीकडून मला हाक मारली.

सुमी विहिरीच्या धोंडीवर बसली होती. मास्तरांनी तिचा ओठ वर केला. नव्या दातांवर, हिरडीच्या बाजूला, मळकट हिरवट काहीतरी होतं. शेवाळ धरल्यासारखं. माई घरात होत्या. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मास्तर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ह्या माईचाच उतरला."

मी म्हटलं, अहो, पोरीनं तोंड धुतलं नसेल. त्यांनी ऐकलंच नाही.

त्या दिवसापासून विहिरीवर सकाळ-संध्याकाळ एकच काम. जाड्याभरड्या कापडाची चिंधी बोटाला गुंडाळायची, राखुंडीत बुडवायची आणि सुमीची हनुवटी डाव्या हातात धरून एकेक दात घासायचा. वरून लिंबाची साल चोळायची. पोर डोळे मिटून बसायची. थोड्याच दिवसांत तो हिरवटपणा गेला. दात लखलखायला लागले. मास्तर तिला उचलूनच गडग्यापाशी घेऊन आले. "गेला, बाई. बघा, गेला." त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिली-दुसरीला खडीसाखर वाटली.

तो डाग गेला नसता तर फार बरं झालं असतं, असं आज म्हणते. तेव्हा मलाही आनंद झाला. गावात तर मास्तरांचं नावच झालं. इतके दिवस चेष्टा करणाऱ्या आया डबे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांच्याच पोरांच्या नव्या दातांवर थोडंफार तसलं दिसत होतं. आजवर कुणी तिकडे बघितलं नव्हतं, आता बघायला लागल्या. मास्तरांनी प्रत्येकीला कृती समजावून सांगितली. तूस काय, घरोघरी ढिगानं असतं. वाडीवाडीत तशी राखुंडी व्हायला लागली आणि सगळे तिला मास्तरांची राखुंडी म्हणायला लागले.

बरं, डाग गेला, आता थांबावं की नाही माणसानं? पण मास्तरांना वाटायचं, रक्तातून आलेलं ते असं सहज जात नाही. दबा धरून असेल. पुन्हा यायच्या आत घासलेलं बरं. वर्षं गेली तरी घासणं चालूच राहिलं.

सुमी बडबडी आणि हुशार. कैरी-मीठ म्हणजे जीव की प्राण. पाचवीच्या सुमारास तिनं कैरी सोडली. मग विहिरीचं थंड पाणी पिताना मान वाकडी करून गालाच्या कडेनं घोट घ्यायला लागली. थंडीच्या दिवसांत शाळेत येताना तोंडावर हात धरून यायची, वारा लागायचा म्हणून. पुढच्या दातांच्या कडा इतक्या पातळ झाल्या होत्या की उजेडात आरपार दिसायचं. आणि दात पिवळे पडायला लागले.

पिवळं दिसलं आणि मास्तरांचा हात आणखी जोरात चालायला लागला.

मी एकदा गडग्यावरून ओरडले, "मास्तर, पोरीचे दात आहेत ते, पितळेची समई नव्हे." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, कीव केल्यासारखं. म्हणाले, "बाई, तुमका चेडू नाय." मला मुलगी नाही, हे मला ऐकवतात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शाळेतही खडू मागायचा तर शिपायाकरवी मागायची.

सुमी मात्र कधी नको म्हणाली नाही. दुखतंय म्हणायची, पण बाबा बरोबर आहेत असंच तिला वाटायचं. मोठी झाल्यावर तिनं स्वतःच घासायला घेतलं, तसंच, त्याच चिंधीनं. मॅट्रिकच्या वर्षात एक दिवस जेवताना भाकरीचा तुकडा तोडला आणि पुढच्या दाताचा कोपराच निघाला. तिनं तो तळहातावर घेतला आणि बाबांपुढे धरला. रडली वगैरे नाही. हे काय झालं, एवढंच विचारलं.

मग कोल्हापूर. माईंना घाट लागायचा, म्हणून बाईमाणूस सोबतीला मी गेले. फोंडाघाट चढेपर्यंत मास्तर मला समजावत होते की दाताला नुसतं बाहेरून काहीतरी लावतील आणि काम होईल.

दातांचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी सुमीला खुर्चीत बसवलं, बराच वेळ तोंडात बघितलं आणि दाताला काय लावता म्हणून विचारलं. मास्तरांनी पिशवीतून डबा काढला. त्या क्षणीसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता, मी बघितला. डॉक्टरांनी टेबलावरची एक काच घेतली, चिमूटभर राखुंडी बोटानं तिच्यावर घासली, काच धुतली आणि उजेडात धरली. काचेवर चरे उठले होते. मास्तरांनी ती काच मागून घेतली आणि स्वतः उजेडात धरून पाहिली.

डॉक्टरांनी मग सगळं समजावून सांगितलं. नवा दात हिरडीतून वर येतो तो अंगावर एक पापुद्रा घेऊनच येतो. कांद्याच्या आतल्या सालीसारखा. तुमचा-आमचा सगळ्यांचा तसाच येतो. त्या पापुद्र्यावर कधी हिरवट, कधी तपकिरी रंग धरतो आणि चावून-खाऊन तो आपोआप झिजून जातो. त्याला काही करायचं नसतं. त्याच्या खाली दाताचं खरं कवच असतं. ते एकदाच घडतं, दात हिरडीच्या आत असताना. दात बाहेर आला की ते घडवणारं आत काही उरत नाही. तेच घासून गेलं. पिवळं दिसतंय तो मळ नाही, आतला दात आहे. जितकं जास्त घासलं तितका तो जास्त दिसायला लागला.

मास्तरांनी विचारलं, "मग कवच परत कधी येईल?"

"येत नाही, मास्तर."

"औषधानं?"

"नाही."

"वय लहान आहे हो तिचं."

डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलं तर सांधतं, कातडं फाटलं तर भरून येतं. हे नाही भरून येत."

मास्तर म्हणाले, "पण तो पहिला डाग... तो आत्येचा..."

"डाग नव्हताच तो," डॉक्टर म्हणाले.

मग मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "माझे दात चांगले आहेत. सगळे आहेत. त्यातले हिला..." डॉक्टरांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. पाठीवर हात ठेवून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. सुमी खुर्चीतच होती. तोंड उघडं, हात मांडीवर. तिनं सगळं ऐकलं होतं.

डबा तिथे टेबलावरच राहिला.

घरी माईंनी विचारलं, काय झालं. मास्तर ओटीवर पाठ करून बसले होते, म्हणून मीच सांगितलं. त्या हिरवट डागापासून सगळं. विहिरीवरच्या त्या घासण्यामागे भावाच्या मनात काय होतं, हे माईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या ओटीवर गेल्या. पदर तोंडावर नव्हता. भांडण नाही, त्रागा नाही. म्हणाल्या, "माझ्या दातांचा इतका भय होता तुका?"

आणि माई भात लावायला आत गेल्या.

पुढच्या शनिवारी पोरं पानं घेऊन पडवीत उभी राहिली. मास्तर म्हणाले, आजपासून राखुंडी नाही, नुसतं पान आणि पाणी. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळा सुटली की वाडीवाडीत फिरायला लागले. जिथे सहा-सात वर्षांचं मूल असेल त्या घरात जायचे, मुलाचा ओठ वर करून बघायचे आणि आईला हात जोडून सांगायचे, याला काही लावू नका, हे आपोआप जातं, मी चुकीचं सांगितलं होतं.

पण ऐकतं कोण? पालथ्या घड्यावर पाणी. इतकी वर्षं घासा म्हणून सांगत होते, आता घासू नका म्हणतात. बायका एकमेकींकडे बघायच्या. देवळाजवळच्या एका म्हातारीनं तर त्यांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या चेडवाचा गेला ना? मगे माझ्या नातीचाय जातला." एका घरी त्यांनी न राहवून राखुंडीचा डबा शेणकीत, शेणाच्या खड्ड्यात, ओतला. त्या लोकांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत नवं तूस जाळून मोकळे झाले. मास्तर भ्रमिष्ट झाले अशी कुजबुज सुरू झाली. राखुंडी मात्र चांगलीच, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

सुमी मॅट्रिक झाली. पुढे शिरोड्याचं एक स्थळ आलं. मुलगा सावंतवाडीला कचेरीत कारकून, घराणं बरं, पत्रिका जुळलेली. मुलगी फोटोत पसंत होती. फोटोत तिचं तोंड मिटलेलं होतं. माईंनी त्या दिवशी बाहेर यायचं नाही असं स्वतःच ठरवलं. पोहे मी केले.

मुलाची आई बोलायला गोड होती. कोकमाचं सरबत आलं तेव्हा तिनं कौतुकानं एक पेला सुमीच्या हातात दिला, तूही घे गो म्हणाली. सुमीला नाही म्हणता येईना. तिनं एक घोट घेतला आणि कळ डोक्यात गेली. डोळे घट्ट मिटून ती तशीच उभी राहिली. आईच्या लक्षात आलं. काय झालं, बघू, म्हणत तिनं सुमीचं तोंड उघडायला लावलं आणि बघितलं. नेमक्या त्याच वेळी काय झालं म्हणून माई घाबरून दारात आल्या. बाईची नजर माईंच्या दातांवर गेली. ती मुलाच्या बापाला म्हणाली, "आत्येवर गेलेली दिसता. घराण्यातलाच असतला."

माई मागच्या मागे आत गेल्या. मी पोह्याच्या बशा उचलायला वाकले, दुसरं काय करणार. तेवढ्यात मास्तर उठले. शाळेत बोलायचे तशा शुद्ध मराठीत बोलले. म्हणाले, "नाही. हे रक्तातलं नाही. देवानं हिला चांगले दात दिले होते. मी घासून घालवले. या हातांनी." आणि दोन्ही हात त्या माणसांपुढे धरले. मुलानं मान खाली घातली. मला वाटतं, त्याला वाईट वाटलं असावं. मंडळींनी चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेली.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधीच जुळली होती ती पत्रिका. त्याशिवाय का कुणी दुसऱ्याच्या पायरीला पाय लावतं? पण मुलाची आई बसची वाट बघताना काय म्हणाली तेही कुणीतरी गावात आणलं आणि ते मास्तरांपर्यंत गेलंच. ती म्हणाली होती, "बापूस वेडो आसा. ता तरी रक्तातला नाय कशावरून?"

त्यानंतर मास्तर घरोघरी जायचे थांबले. शाळेत यायचे, शिकवायचे, जायचे. दुसरं स्थळ आलं नाही. एकदा तसली बातमी फिरली की आमच्याकडे पुन्हा उंबरा चढतं कोण! माई आणि सुमी घरातलं करायच्या. सुमीच्या दातांचं दुखणं वाढत गेलं. मुळांत पू धरला, गाल सुजायचा, रात्र-रात्र पोर बसून काढायची. शेवटी डॉक्टरांनी कळवलं, वरचे पुढचे सगळे काढून कवळी बसवावी लागेल. विशीतली पोर, आणि कवळी.

मास्तर त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. साधा ताप आला होता. औषध घेतलं, पण माणसाला उठायचंच नसलं की औषध तरी काय करणार. समाचाराला वाडीवाडीतली माणसं आली. ओटीवर बसून प्रत्येक जण हेच सांगत होता, मास्तरांनी आमच्या पोरांना स्वच्छता शिकवली, त्यांची राखुंडी आमच्याकडे अजून आहे. सुमी आत भिंतीला टेकून ऐकत होती. मला त्या लोकांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं. पण ते मनापासून बोलत होते, आणि रडतही होते.

त्याआधीचा, उन्हाळ्यातला एक दिवस सांगते आणि थांबते.

सुमीचे दात काढायला कोल्हापूरला जायचं होतं. मास्तर आमच्याबरोबर स्टँडवर आले, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि उतरले. मला म्हणाले, बाई, तुम्हीच जा. माझ्याच्यानं तिथे उभं राहवणार नाही. आम्ही दोघी गेलो. माझ्या चुलतबहिणीकडे राहिलो. वरचे पुढचे सगळे दात काढले. कवळी पुढे हिरड्या भरल्यावर बसायची होती.

परतलो तेव्हा मास्तर स्टँडवर उभे होते. पानवाला म्हणाला, सकाळपासून प्रत्येक बस बघतायत. सुमी तोंडाला पदर लावून उतरली. मास्तरांनी तिची पिशवी घेतली. आम्ही चालायला लागलो. मास्तर दहा पावलं मागून येत होते, जणू बरोबर चालायचा त्यांना अधिकार नव्हता.

घराच्या वळणावर सुमी थांबली. बाबा जवळ येईपर्यंत उभी राहिली आणि तिनं पदर खाली घेतला. तोंड सुजलं होतं, ओठ आत गेला होता, विशीतल्या पोरीचा चेहरा म्हातारीसारखा दिसत होता. आणि ती हसत होती. बाबांना बरं वाटावं म्हणून नाही हो, खरंच हसत होती. कितीतरी वर्षांनी तिला सुटल्यासारखं वाटत होतं. शब्द नीट फुटत नव्हते, तरी कळले.

"बाबा, आता दुखणा नाय."

"बरा झाला, बाय," मास्तर म्हणाले. पिशवी त्यांच्या हातातून सुटली आणि ते तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले. आम्ही दोघींनी धरून त्यांना घरी नेलं.